बाळूकाकाची डावी धमनी

नापास झालेली मुलगी ठेवायची कुठे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात आमच्या देवासच्या घरात उभा राहिला. जागेची अडचण नव्हती, अडचण येणाऱ्या-जाणाऱ्यांची होती. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा आईने टेकडीवर जाऊन दोन्ही देवींची ओटी भरली होती आणि उतरताना वाटेत जी जी ओळखीची बाई भेटली तिच्या हातावर पेढा ठेवला होता. माझ्या हुशारीची बातमी अशी आईनेच पायरी-पायरीने खाली आणली होती. आता त्याच बायका "डॉक्टरीणबाई सुट्टीवर आल्या का?" म्हणून डोकावायच्या, आणि मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडायचे. उन्हाळ्यात पांघरूण घेऊन पडलेली मुलगी पाहून दोघींनी मला मलेरिया झाल्याचं परस्पर ठरवलं. एकीने काढाही आणून दिला. तो मी प्यायले, कारण नापास होण्यापेक्षा मलेरिया परवडला.

बाबा हायर सेकंडरीत गणित शिकवायचे. त्यांच्या वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं तर ते रागवत नसत. खडू खाली ठेवत, चष्मा काढत, तो धोतराच्या सोग्याला पुसत आणि पुन्हा लावत, आणि तेवढ्या वेळात चुकणाऱ्याला आपण जन्माला का आलो असं होई. मी त्यांच्या वर्गातही होते आणि घरातही, म्हणजे माझ्या वाट्याला चष्मा पुसणं दुप्पट आलेलं. माझा निकाल ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि पुसलाच नाही, नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "बाळूकडे धारला जा. तिकडे अभ्यास कर. मी त्याच्या वास्तुशांतीला येईन तेव्हा तुझी तयारी बघेन आणि पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही ते तिथेच ठरवू. नाहीतर इथे बी. एस्सी. आहे." बी. एस्सी.नंतर काय असतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बडोद्याच्या एका स्थळाची चौकशी आत्याने आधीच करून ठेवली होती.

मी कशी नापास झाले ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं प्रश्न कठीण आले असतील. लेखी परीक्षेत मी पास होते. तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे तिघं बसले होते, आणि मधल्या वयस्क सरांनी मला छातीच्या पिंजऱ्याकडे बोट करून इंटर्नल थोरॅसिक आर्टरी सांगायला सांगितली. कुठून निघते, कुठून जाते, कुठे संपते, कोणाकोणाला रक्त पुरवते. साधा प्रश्न होता. आदल्या दिवशी मी ते पान दोनदा वाचलं होतं. पण तोंड उघडायच्या आधी मला वाटलं, चुकलं तर? मग मी पिंजऱ्याकडे बघत राहिले आणि पिंजरा माझ्याकडे. सरांनी हिंदीत विचारून पाहिलं. उजवीकडच्या बाईंनी "फर्स्ट रिब के पीछे से..." अशी सुरुवातही करून दिली. मी काहीच बोलले नाही. शेवटी सर म्हणाले, "बेटा, पानी पियो," आणि मी पाणी प्यायले, ग्लास नीट टेबलावर ठेवला, थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले. सगळ्या परीक्षेत माझ्या तोंडून निघालेला तेवढा एकच शब्द बरोबर होता.

धारला बाळूकाकाचं घर नवं होतं, इतकं नवं की अजून पुरतं झालेलंच नव्हतं. गावाबाहेरच्या कॉलनीत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बिनप्लॅस्टरची खोली. त्या खोलीत मला खाट मिळाली. सकाळी काकू भिंतींना पाणी मारायची, त्याचा ओला सिमेंटचा वास अजून माझ्या अॅनाटॉमीच्या पुस्तकाला येतो असं मला वाटतं. पुस्तक कधीच रद्दीत गेलं, पण वाटायला काय जातं. दारं-खिडक्या बसवायला आलेला सुतार रंधा मारत हिंदी गाणी म्हणायचा आणि कडव्याच्या मधेच थांबायचा, मग पुढचं कडवं काय असेल याचाच विचार करत माझं पान अर्धं राही. नाश्त्याला पोहे, त्यावर मूठभर शेव. काकू शेव वरणातही टाकायची, दह्यातही टाकायची, आणि देवासला आई हे करत नाही म्हटल्यावर "तुझ्या आईला सांगू नकोस हो" म्हणायची, जणू काही आम्ही दोघी मिळून दरोडा घालत होतो. दुपारी कैरीचं पन्हं. कॉलनीच्या कोपऱ्यावर पीथमपूरची शिफ्टची बस हॉर्न द्यायची आणि तो हॉर्न ऐकला की काका जिथे असेल तिथून, तोंडात घास असला तरी, चपला शोधत पळायचा.

बाळूकाका पीथमपूरला एका गाड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. बाबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, आणि दोघं एकाच आईच्या पोटचे यावर लोकांचा विश्वास बसत नसे. बाबा काटकुळे, काका गोल. बाबा मोजून बोलायचे. काका मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत वळवून मालवीत नेऊन सोडायचा. घरी आला की आधी शर्ट, मग बनियन उतरवायचा आणि त्यानंतर बसची वेळ होईपर्यंत तो कमरेच्या वर कोणाचंही काही लागत नसे. तो असा उघडा समोर बसून पन्हं पीत असताना एक दिवस माझ्या डोक्यात आलं, की मी ज्या गोष्टी कागदावर पाठ करते आहे त्या सगळ्या इथे समोर बसून पन्हं पीत आहेत.

"काका, तुझ्या छातीवर पेनने काढू?"

"क्या?"

"धमनी. आत असते ती वरून काढायची. कुठून कुठे जाते ते."

"काढ ना. अपना क्या जाता है," काका म्हणाला, आणि दोन्ही हात मागे टेकून छाती पुढे केली.

इथे थोडी अॅनाटॉमी सहन करावी लागेल. ही धमनी मानेच्या तळाशी, गळ्याच्या हाडाच्या मागे, हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीपासून निघते आणि सरळ खाली उतरते. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून बोटभर अंतरावर, बरगड्यांच्या आतल्या बाजूने, पहिल्या सहा बरगड्यांच्या मागून. एक डावीकडे, एक उजवीकडे. वाटेत प्रत्येक दोन बरगड्यांच्या फटीत ती फांद्या देते, एक बारीक फांदी हृदयाच्या आवरणाला देते, बाहेर कातडीकडे काही पाठवते, आणि सहाव्या फटीत तिचे दोन फाटे होतात. एक पोटाच्या भिंतीत उतरतो, दुसरा बरगड्यांच्या कडेने श्वासपटलाकडे वळतो. बस्स. आज माझ्या भाचीची मुलगी हीच धमनी टॅबलेटवर बोटाने गोल गोल फिरवते, मोठी करते, लहान करते, बाजूची हाडं पुसून टाकते. मला तिचा हेवा वाटत नाही. तिची धमनी पन्हं पीत नाही.

पहिले आठ दिवस मी डॉटपेनने काढत होते. काका आंघोळ करायचा आणि धमनी मोरीतून वाहून जायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढायचे, तर ती आदल्या दिवसापेक्षा बोटभर इकडे-तिकडे झालेली असायची. काजळ लावून पाहिलं, तर ते घामाने पसरून काकाला गोंदलेल्या पैलवानासारखा करून गेलं आणि काकूच्या दोन उशांचे अभ्रे गेले. अष्टगंध लावलं तेव्हा काकूने देवघराला कुलूप घालायची धमकी दिली. बरगड्यांवर आकडे घालायची कल्पना मात्र काकाची. "नंबर डाल पहले," तो म्हणाला. "नंबरशिवाय माल सापडतो का? आमच्या स्टोअरमध्ये नट सुद्धा नंबरशिवाय नाही." मग मी वरून हाताला लागणाऱ्या पहिल्या बरगडीवर एक घातला, तिच्या खालच्या बरगडीवर दोन, असे करत सहापर्यंत आले. काका आरशात बघून म्हणाला, "अब लग रिया है कुछ."

तो या कामाला कंटाळला नाही हे मला तेव्हा साहजिक वाटायचं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच्या हृदयाच्या धमन्या बुजल्या आणि इंदूरला बायपास झाली, तेव्हा सर्जनने पायातल्या शिरांबरोबर हीच डावी धमनी छातीच्या आतून सोडवून हृदयाला जोडली. तसंच करतात. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर काका मला म्हणाला, "डॉक्टर बोला, एकदम फर्स्ट क्लास निकली. मी सांगितलं त्याला, रोज तपासलेला माल आहे." त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, आणि शेव खाणं काही त्याने सोडलं नाही.

आता मेंदीचं. वास्तुशांत तीन दिवसांवर आली तेव्हा शेजारच्या रामकन्याभाभी काकूच्या हातांवर मेंदी काढायला आल्या. भाभी कन्नौदकडच्या, त्या आल्या की आमच्या घरात मालवी सुरू व्हायची आणि त्या गेल्यावरही तासभर थांबत नसे. काकूचे दोन्ही हात भरून झाले तरी वाटीत चांगली मूठभर मेंदी उरली. "फेंको मत, छोरी के लगा दो," असं म्हणून भाभी आपल्या घरी गेल्या. छोरी म्हणजे मी. मी वाटी उचलली. पलीकडच्या खोलीत काका रात्रपाळी करून आलेला, पंख्याखाली उताणा घोरत पडला होता. त्याच्या छातीवर केस नावालाच होते. माझ्या डोळ्यांसमोर एक न पुसली जाणारी धमनी उभी राहिली, रोज एकाच जागी असणारी. मी आगपेटीची काडी घेतली.

माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काम मी त्यानंतर केलं नाही. डावी धमनी आणि उजवी, दोन्ही. प्रत्येक फटीत फांद्या. खाली दोन-दोन फाटे. आणि बरगड्यांवर एक ते सहा आकडे, देवनागरीत, कारण माझा हात देवनागरीत चांगला वळतो. काका दोनदा खाजवायला हात नेत होता तो मी धरून ठेवला. तो उठला तोपर्यंत मेंदी वाळून तडकली होती. ती खरवडून काढल्यावर खाली केशरी धमन्या उमटल्या. काका आरशासमोर डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि खूश होऊन बस पकडायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगली तांबडी झाली होती. काका पाटावर बसून पोहे खात होता. काकूने त्याच्यासमोर चहा ठेवला, त्याच्या छातीकडे पाहिलं, आणि तिचा हात कपाच्या कानातच अडकून राहिला.

"अहो," ती म्हणाली, "परवा सोवळं नेसून होमाला कोण बसणार आहे?"

तोपर्यंत हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. चार माणसांत सोवळं नेसून, उघड्या अंगाने, खांद्यावर नुसतं उपरणं टाकून यजमान म्हणून बसायचं आहे, समोर गुरुजी, बाजूला सगळा गोतावळा, आणि या सगळ्यांत देवासहून येणारे बाबा. काका खाता खाता थांबला. मी म्हटलं, घाबरू नका, मी घालवते. मी सायन्सची विद्यार्थिनी होते. रंग आम्लाने फिकट होतात एवढं मला ठाऊक होतं. काकू आत आंघोळीला गेली असताना मी तीन लिंबं कापली आणि काकाची छाती मन लावून चोळली. काकू बाहेर आली, तिने वास घेतला आणि कपाळावर हात मारून खालीच बसली. मेंदीचा रंग गडद व्हावा म्हणून मेंदीवर लिंबू लावतात हे धारपासून सतवासपर्यंत पाचवीतल्या मुलीलाही माहीत होतं. मला नव्हतं. मी पुस्तकं वाचत होते. संध्याकाळपर्यंत काकाच्या धमन्या काळपट लाल झाल्या, अगदी पुस्तकातल्यासारख्या.

वास्तुशांतीच्या दिवशी काकूने उपरणं दोन्ही खांद्यांवरून घेऊन छातीवर सेफ्टी पिन लावून दिली. गुरुजींनी बसल्या बसल्या ती पिन पाहिली आणि म्हणाले, "बाळासाहेब, पिना लावून यजमान बसत नसतात. काढा ती." काकाने काढली. एका हाताने उपरणं आवळून दुसऱ्या हाताने तो संकल्प सोडत होता. पुण्याहवाचन निभावलं. ग्रहमख निभावला. मी स्वयंपाकघराच्या दारात बाफले, म्हणजे उकडून भाजायचे कणकेचे गोळे, वळणाऱ्या बायकांत बसून त्या उपरण्याकडे बघत होते. त्या दिवशीचे माझे बाफले वाटोळे सोडून सगळ्या आकारांचे झाले. बाबा समोरच्या भिंतीशी खुर्चीवर बसले होते. सकाळी आल्यावर मला एवढंच म्हणाले होते, "जेवणाआधी बोलू."

मग होम सुरू झाला. उन्हाळा, पत्र्याचा मांडव, समोर आग, आणि गुरुजींचं दोन्ही हातांनी तूप सोडायचं फर्मान. तिसऱ्या-चौथ्या आहुतीला उपरणं एका खांद्यावरून उतरलं, आणि पाचव्याला ते काकाच्या मांडीवर येऊन पडलं.

गुरुजींचा मंत्र अर्ध्यात थांबला. आधी काकाच्या कारखान्यातले दोघं हसले. "क्या भिया, छाती पे नदियाँ बनवा लीं?" असं त्यांतला एक म्हणाला. रामकन्याभाभी पुढे वाकून पाहू लागल्या. "यो तो मांडणो है," त्यांनी जाहीर केलं, कारण त्यांच्याकडे दिवाळीला जमिनीवर असंच काहीतरी काढतात. मग त्यांना आपली मेंदी ओळखू आली आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"हे काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"अभ्यास आहे, गुरुजी," काका म्हणाला. "आमच्या वंदनाचा. ही धमनी. ही डावी, ही उजवी."

गुरुजींनी विचार केला. ते जुन्या घरातले, कडक सोवळ्याचे, आणि मला वाटलं आता होम विझवून उठतात. "नवरदेवाला मेंदी चालते," ते सावकाश म्हणाले. "यजमानाला चालत नाही असं वाचल्याचं मला तरी स्मरत नाही. तूप सोडा." आणि होम पुढे सुरू झाला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो ते पुसत होते.

पूर्णाहुती झाली. पानं मांडायला वेळ होता. बाबा उठले, भिंतीशी ठेवलेला एक पाट मांडवाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "बाळू, बस. उपरणं राहू दे. वंदना, इकडे ये."

मी बाफल्याचे हात तसेच घेऊन गेले. सगळी माणसं गोल करून उभी राहिली. जेवायला वेळ असला की आमच्याकडे लोक कशालाही उभे राहतात.

"सांग," बाबा म्हणाले.

मी पुस्तकातलं पान म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत, एका दमात, डोळे काकाच्या बेंबीवर. बाबांनी हात वर केला. "पाठ नको. मला इंग्रजी कळतं, ही धमनी कळत नाही. समजावून सांग."

मग मी बोट ठेवून सांगू लागले. ही इथून निघते. बरगड्यांच्या आतून जाते. फटीफटीत फांदी देते. मधे रामकन्याभाभींनी विचारलं, "और जो ये बंद हो जाए तो? आदमी गयो?" मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "नहीं भाभी. पीठ की तरफ़ से भी आती हैं ना, बड़ी नली से. वो पीछे से आती हैं, ये आगे से, और पसली के बीच में दोनों मिल जाती हैं. एक बंद हुई तो दूसरी से..." आणि मी थांबले. कारण हे वाक्य मी वर्षभर पाठ म्हणत होते आणि ते खरं असतं हे मला त्या क्षणी समजलं. खालचा फाटाही तसाच. पोटाच्या भिंतीत तो जांघेकडून वर येणाऱ्या धमनीला जाऊन मिळतो. हे सगळं शरीर कुठेतरी काही बंद पडेल असं धरूनच बांधलेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी भाभींना ते पुन्हा एकदा सांगितलं, हात हलवून, आणि बाफल्याचं पीठ गुरुजींच्या उपरण्यावर उडालं.

"बरं," बाबा म्हणाले. "हे आकडे कसे घातलेस?"

"मोजून. वरून." मी काकाच्या छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं आणि दाखवायला म्हणून वरून खाली आणलं. वरच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली माझ्या बोटाला एक आडवा उंचवटा लागला. तो रोजच लागत असणार. पण रोज मी लवकर काढायच्या घाईत असायचे. पुस्तकातली ओळ डोक्यात आली: या उंचवट्यापाशी जी बरगडी येऊन जुळते ती दुसरी, मोजायला इथून सुरुवात करावी. पहिली गळ्याच्या हाडामागे दडलेली असते, ती बोटाला लागत नाही. मी बोट उंचवट्यावरून बाजूला सरकवलं. त्या बरगडीवर माझ्या उत्तम देवनागरीत लिहिलं होतं: १.

माझं बोट त्या आकड्यावरच राहिलं. गोल उभी राहिलेली माणसं, मधे मी, आणि समोर माझे बाबा, हातात चष्मा. मी काही न बोलता उभी राहिले असते तर कोणालाही कळलं नसतं. आकडे कोण तपासणार होतं?

"दाब, दाब, काही दुखत नाही," काका मला धीर द्यायला म्हणाला.

"बाबा," मी म्हटलं, "हे सगळं चुकलंय."

"म्हणजे?" काका ओरडला. "तीन दिन से मैं गलत घूम रिया हूँ?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "काय चुकलं?"

"ही एक नाही, दोन आहे. पहिली आत लपलेली असते, ती मी मोजलीच नाही. म्हणून खालचे सगळे आकडे चुकले. धमनी सहाव्या फटीत संपायला हवी, मी सातव्यात संपवली. एक बरगडी खाली गेली."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आत्ता बोटाला लागलं."

बाबांनी चष्मा लावला. मग माझ्याकडे न बघता, काकाच्या छातीकडे बघत विचारलं, "मग इंदूरला गप्प का उभी राहिलीस?"

याचं उत्तर मी घरात कोणालाही दिलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं असतं तर?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आज या वयात मी त्यांचा तो चेहरा आठवते तेव्हा कळतं की तो राग नव्हता. त्यांना काहीतरी लागलं होतं. "ही भीती तू माझ्याकडून घेतलीस," ते हळू म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्ता चुकलीस ना? भर वास्तुशांतीत, गुरुजींसमोर, आणि तेही मेंदीने. पंधरा दिवस पुसायची सोय नाही. काय झालं? जेवणं थांबली का? तिथे तर तिघंच असतात. बस परीक्षेला."

आणि ते पानावर जाऊन बसले. मी त्यांना मठ्ठा वाढायला गेले तेव्हा भांडं तिरपं झालं, आणि त्यांनी ते खालून धरलं.

परीक्षेला तेच टेबल होतं आणि तेच तिघं. धमनी कोणी विचारलीच नाही. मधल्या सरांनी पावलाची हाडं पुढे केली आणि त्यांतलं एक माझ्या तळहातावर ठेवून विचारलं हे कोणतं. मी नाव सांगितलं. सरांनी भुवया वर केल्या. "शुअर?"

मी हाड उलटं केलं, सुलटं केलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नो सर," मी म्हटलं. "गलत बताया. फिर से बताती हूँ."

"बताओ," सर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि मी बोलू लागले.